शेजारी राहायला आल्या आणि कायदा बदलून गेल्या : शिकागोच्या ‘हल हाउस’ची गोष्ट

शिकागो शहरात हॉल्स्टेड रस्त्यावर एक जुनी दुमजली हवेली होती. चार्ल्स हल नावाच्या जमीन-व्यापाऱ्याने १८५६ साली ती बांधली, तेव्हा आजूबाजूला मोकळं रान होतं. पुढे शहर वाढत वाढत तिच्यापर्यंत आलं आणि तिला गिळून पुढे गेलं. १८८९ साली तिच्या एका बाजूला दारूचा गुत्ता होता, दुसऱ्या बाजूला अंत्यसंस्काराचं सामान पुरवणाऱ्याचं दुकान. खालच्या मजल्यावर एका फर्निचर कारखान्याचं कार्यालय आणि गोदाम होतं. वस्ती सगळी स्थलांतरित मजुरांची : इटालियन, आयरिश, जर्मन, बोहेमियन (आजच्या चेक प्रदेशातले), रशियातून आलेले ज्यू.

१८ सप्टेंबर १८८९ रोजी जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार या दोन सुशिक्षित, खात्यापित्या घरच्या तरुणी या हवेलीत राहायला आल्या. घर सांभाळायला मेरी कीझर नावाची बाई त्यांच्यासोबत होती. पहिल्याच रात्री त्या दाराला कुलूप लावायला विसरल्या. बाजूचं एक दार तर रात्रभर सताड उघडं राहिलं. सकाळी पाहिलं तर घरातली एकही वस्तू हलली नव्हती. नवे शेजारी कसे आहेत हे आम्हाला त्यातून कळलं, असं ॲडम्सबाईंनी पुढे आठवणींत लिहिलं.

त्यांनी तिथे जे सुरू केलं त्याला सेटलमेंट हाउस म्हणतात. ही कल्पना नीट समजून घेतली, तर आज ज्याला आपण समाजकार्य म्हणतो त्यातलं बरंच काही कुठून आलं ते उलगडतं.

त्या काळी गरिबांना मदत करण्याची रीत ठरलेली होती. धर्मादाय संस्थेचा माणूस घरी येई, चूल पेटते का, नवरा दारू पितो का हे पाही, कुटुंब मदतीला ‘पात्र’ आहे की नाही ते ठरवी आणि शिधा किंवा कोळसा देऊन संध्याकाळी आपल्या चांगल्या वस्तीतल्या घरी परत जाई. सेटलमेंटवाल्यांनी हे परत जाणंच काढून टाकलं. शिकलेल्या माणसांनी गरीब वस्तीत घर करायचं, आपल्या राहण्याजेवणाचा खर्च आपणच द्यायचा, तिथलंच पाणी प्यायचं, तिथल्याच रस्त्याने चालायचं आणि शेजारी म्हणून जे करता येईल ते करायचं. पहिलं असं घर लंडनच्या व्हाइटचॅपल भागात १८८४ साली निघालं. त्याचं नाव टॉयन्बी हॉल. सॅम्युअल बार्नेट हे पाद्री आणि त्यांच्या पत्नी हेन्रिएटा यांनी ते उभारलं. ॲडम्सबाईंनी १८८८ साली ते पाहिलं आणि आपण काय करायचं हे त्यांना सापडलं.

त्यांना ते सापडणं फार गरजेचं होतं. १८८१ मध्ये त्यांचं महाविद्यालयीन शिक्षण संपलं, त्याच वर्षी वडील गेले. डॉक्टर व्हायला निघाल्या, पण प्रकृतीने साथ दिली नाही. पुढची कितीतरी वर्षं काय करावं हे न कळता गेली. अमेरिकेत मुलींना उच्च शिक्षण मिळू लागलं होतं, पण शिकून पुढे करण्यासारखी कामं बहुतेक पुरुषांच्याच हाती होती. लंडनचं घर विद्यापीठातून बाहेर पडलेल्या तरुण पुरुषांचं होतं. अमेरिकेत मात्र या चळवळीचा कणा बायका झाल्या, याचं मोठं कारण हेच. हल हाउस गरिबांसाठी निघालं हे खरं आहे, आणि शिकून रिकाम्या बसवलेल्या बायकांना तिथे काम मिळालं हेही तितकंच खरं आहे. ॲडम्सबाईंनी स्वतः हे कधी लपवलं नाही.

सुरुवात साधी होती. बालवाडी, मुलांचे क्लब, संध्याकाळचे इंग्रजीचे वर्ग, वाचन. मग पाळणाघर, कारण त्याची निकड दारात येऊन उभी राहिली. आया कामावर जात आणि लहान मुलं घरात कोंडलेली असत. त्या पहिल्या उन्हाळ्यात ॲडम्सबाईंना अशी तीन अपंग झालेली मुलं भेटली. एक तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून पडलं होतं. दुसरं भाजलं होतं. तिसऱ्याच्या पाठीचा कणा वाकला होता, कारण तीन वर्षं त्याला दिवसभर स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या पायाला बांधून ठेवत. दुपारी थोरला भाऊ जवळच्या कारखान्यातून धावत येई, आपल्या डब्यातला घास त्याला भरवी, तेवढाच वेळ तो मोकळा. ही आई क्रूर नव्हती. ती कामाला गेली नसती तर घरात खायला काही आलं नसतं. मुलाला बांधलं नसतं तर तोही खिडकीतून पडला असता.

पुढे घराचा पसारा वाढत गेला. चित्रांचं दालन, व्यायामशाळा, संगीतशाळा, नाटकगृह, पुस्तकबांधणीची कार्यशाळा, गिरणीत काम करणाऱ्या मुलींनी स्वतः चालवलेलं सहकारी वसतिगृह, शहरातलं पहिलं सार्वजनिक खेळाचं मैदान. १९०७ पर्यंत एका हवेलीच्या १३ इमारती झाल्या होत्या.

सगळंच जमलं असं नाही. वस्तीतल्या बायका थकून घरी येतात आणि विकतचं निकस अन्न मुलांना देतात, असं पाहून एक सार्वजनिक स्वयंपाकघर काढलं. शास्त्रशुद्ध, पौष्टिक, स्वस्त. पाकक्रिया अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड भागातल्या, सूप नि उकडलेल्या भाज्यांच्या. वस्तीने ते अन्न फारसं घेतलंच नाही. एका बाईने सरळ सांगितलं की अन्न पौष्टिक असेल, पण मला आवडेल ते मी खाणार. इटालियन माणसाला त्याचं जेवण कसं असावं हे शिकवायला निघालेल्यांना हा धडा मिळायलाच हवा होता. त्या इमारतीत पुढे कॉफीगृह चाललं, आणि ते चांगलं चाललं, कारण लोकांना बसून बोलायला गुत्त्याखेरीज दुसरी जागा हवीच होती.

आता यातल्या सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येतो : शेजारधर्मातून कायदा कसा निघाला.

पहिल्या नाताळात हल हाउसने मुलींना मिठाई वाटली. काही छोट्या मुलींनी ती घेतली नाही. त्या मिठाईच्या कारखान्यात कामाला होत्या आणि सहा आठवडे सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत मिठाईतच राबत होत्या. त्यांना ती डोळ्यांसमोर नको होती. त्याच हिवाळ्यात जवळच्या एका कारखान्यात एकाच यंत्रावर तीन मुलं जखमी झाली, त्यातलं एक दगावलं. यंत्राला संरक्षक जाळी बसवायला काही डॉलर पुरले असते. आता मालक काहीतरी करेल असं ॲडम्सबाईंना वाटलं, पण त्याने काही केलं नाही. काही करायला लावणारा कायदाच नव्हता. उलट, मुलाला इजा झाली तर भरपाई मागणार नाही अशा कागदांवर आईबापांच्या सह्या आधीच घेतलेल्या असत.

अशा वेळी चांगुलपणा अपुरा पडतो. काय चाललंय हे मोजून, मांडून दाखवणारं माणूस लागतं. ते माणूस १८९१ च्या डिसेंबरअखेर हल हाउसच्या दारात आलं. फ्लॉरेन्स केली या मारहाण करणाऱ्या नवऱ्याला सोडून तीन मुलांसह न्यूयॉर्कहून निघून आल्या होत्या. कामगारांच्या प्रश्नाचा त्यांचा अभ्यास पक्का होता, आणि स्वभाव गप्प बसण्याचा अजिबात नव्हता.

१८९३ मध्ये मोठ्या शहरांतल्या गरीब वस्त्यांची पाहणी केंद्र सरकारच्या कामगार खात्याने हाती घेतली आणि शिकागोचं काम केलीबाईंकडे आलं. हल हाउसच्या पूर्वेचा सुमारे एक तृतीयांश चौरस मैलाचा तुकडा घेतला आणि पाहणी करणारे घरोघर गेले. कोण कुठून आलं, घरात किती माणसं, आठवड्याला कमाई किती. ही माहिती हल हाउसच्या रहिवाशांनी नकाशावर घराघरानुसार रंगवली. एका नकाशात राष्ट्रीयत्वानुसार रंग, दुसऱ्यात कमाईनुसार. आठवड्याला पाच डॉलर किंवा त्याहून कमी कमावणाऱ्या कुटुंबाला काळा रंग. लंडनमध्ये चार्ल्स बूथ यांनी असे नकाशे आधी केले होते, तिथून ही पद्धत उचलली. १८९५ मध्ये हे नकाशे आणि सोबतचे लेख पुस्तकरूपाने निघाले. त्या इवल्याशा तुकड्यात १८ राष्ट्रीयत्वांची माणसं राहत होती.

नकाशाचं महत्त्व काय, असं वाटू शकतं. गरिबी म्हणजे आळस नाहीतर दारू, असं मानणाऱ्याला एखाद्या घराची करुण कहाणी सांगून काही उपयोग होत नाही. तो म्हणतो, त्या घराचाच दोष असेल. पण सबंध गल्लीच्या गल्ली एकाच रंगात दिसू लागली की दोष घराघरात शोधता येत नाही. मग मजुरीकडे, घरभाड्याकडे, कामाच्या तासांकडे पाहावंच लागतं.

या आधीपासूनच केलीबाई घरगुती शिलाईच्या खोल्यांमागे लागल्या होत्या. तयार कपड्यांचे व्यापारी काम दलालांना देत, दलाल ते भाड्याच्या कोंदट खोल्यांत बायकामुलांकडून तुकड्यांवर शिवून घेत. मुलं टाके उसवत, बटणं लावत. या माहितीच्या जोरावर, आणि कामगार संघटनांना सोबत घेऊन, १८९३ मध्ये इलिनॉय राज्याचा कारखाना कायदा झाला. १४ वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात कामाला ठेवायचं नाही, बायकांना दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही, आणि हे पाहायला निरीक्षक नेमायचे. राज्यपाल जॉन आल्टगेल्ड यांनी मुख्य निरीक्षक म्हणून केलीबाईंनाच नेमलं. पुढच्याच वर्षी शहरात देवीची साथ आली, तेव्हा त्या साथीच्या घरांत शिरून पाहत होत्या. आत देवीचा रोगी पडलेला, शेजारी शिवून तयार कपड्यांचा ढीग, आणि ते कपडे बाजारात जायच्या वाटेवर.

या कायद्याला सगळ्यात आधी विरोध कोणाचा झाला असेल? मालकांचा तर झालाच, पण शेजारच्या गरीब आईबापांचाही झाला. पोराचे आठवड्याचे ते थोडेसे पैसे बंद झाले तर भाडं कुठून द्यायचं, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो खोटा नव्हता. मुलाला कामावरून काढणारा कायदा बापाची मजुरी वाढवत नाही. हल हाउसच्या बायकांना हे रोज जिन्यात ऐकावं लागे. लांबून कायदे मागणाऱ्यांना हे ऐकावं लागत नाही. पुढे त्याच मंडळींनी किमान वेतन, विधवांना पेन्शन, सक्तीचं शिक्षण यांचा पाठपुरावा केला. एकच धागा ओढून भागत नाही, हे त्यांना इथेच समजलं होतं.

आठ तासांचं कलम मात्र १८९५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं. बाईला हवा तसा करार करण्याचं स्वातंत्र्य आहे, कायद्याने त्यात पडू नये, असा तर्क होता. दहाबारा तास शिवण मारणाऱ्या बाईला मालकाशी करार करण्याचं कसलं स्वातंत्र्य होतं, हे त्या न्यायाधीशांनी वस्तीत येऊन पाहायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

कचऱ्याची गोष्ट त्याच वर्षीची. वस्तीतल्या रस्त्यांवर लाकडी पेट्या होत्या, त्या ओसंडून वाहत, मुलं त्यावर खेळत. ठेका राजकीय वशिल्याने दिलेला, त्यामुळे गाड्या यायच्याच नाहीत. हल हाउसमधल्या बायकांच्या मंडळाने एकेका गल्लीची तक्रार लिहून महापालिकेकडे शेकडोंनी पाठवली. काही हललं नाही. तेव्हा ॲडम्सबाईंनी कचरा उचलण्याच्या ठेक्यासाठीच निविदा भरली. ती तांत्रिक कारणाने फेटाळली गेली, पण एवढा बोभाटा झाला की महापौरांनी त्यांना १९व्या वॉर्डाचं कचरा निरीक्षक नेमलं, वर्षाला हजार डॉलर पगारावर. मग सकाळी सहाला उठून त्या कचऱ्याच्या गाड्यांमागून जाऊ लागल्या. एका अरुंद गल्लीत खणत गेल्यावर दीड फूट कचऱ्याखाली फरसबंदी रस्ता सापडला. तिथे रस्ता आहे हे लोक विसरूनच गेले होते.

ॲलिस हॅमिल्टन या डॉक्टर १८९७ पासून इथे राहत होत्या. १९०२ मध्ये वस्तीत विषमज्वराची साथ आली, आणि उघड्या संडासांवरच्या माश्यांमुळे ती पसरली असं त्यांनी मांडलं. त्यामुळे आरोग्य खात्यावर टीकेची झोड उठली, सुधारणाही झाल्या. नंतर कळलं की मूळ कारण वेगळंच होतं : पाण्याच्या पंपाच्या ठिकाणी बिघाड होऊन मैला नळाच्या पाण्यात मिसळला होता आणि ते दडवून ठेवलं गेलं होतं. हॅमिल्टनबाईंनी हेही स्वतःच प्रांजळपणे नोंदवलं. शेजारच्या मजुरांचे लुळे पडलेले हात आणि पोटातल्या कळा पाहत पाहत त्या शिशाच्या विषबाधेकडे वळल्या आणि कारखान्यातल्या विषांचा अभ्यास हे अमेरिकेत एक शास्त्र म्हणून त्यांनी उभं केलं. १९१९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने नेमलेल्या त्या पहिल्या महिला अध्यापक.

१८९९ मध्ये शिकागोत अमेरिकेतलं पहिलं बाल न्यायालय सुरू झालं, त्यामागेही हीच मंडळी होती. त्याआधी कोळसा चोरणारा दहा वर्षांचा पोरगा मोठ्या गुन्हेगारांबरोबर तुरुंगात जाई. न्यायालय झालं, पण मुलांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांच्या पगाराची तरतूद कायद्यात नव्हती, म्हणून बायकांच्या संघटनांनी वर्गणी काढून ती भागवली. अशी पहिली देखरेख (परिवीक्षा) अधिकारी हल हाउसचीच रहिवासी होती. रहिवाशांपैकी ज्युलिया लॅथ्रॉप १९१२ मध्ये केंद्र सरकारच्या नव्या बालक विभागाच्या प्रमुख झाल्या.

कायद्यांच्या या यादीत एक गोष्ट हरवू नये. स्थलांतरितांच्या घरात एक मूक दुःख असतं. मुलं शाळेत जातात, नवी भाषा पटकन उचलतात आणि मग त्यांना आईबापांची लाज वाटू लागते. एकदा ॲडम्सबाईंना रस्त्यात एक इटालियन म्हातारी घराच्या पायरीवर बसून हातातल्या चातीवर सूत काढताना दिसली. त्यातून १९०० साली त्यांनी ‘श्रम संग्रहालय’ काढलं. तिथे वस्तीतल्याच बायका आपापल्या देशाच्या पद्धतीने सूत काढून, विणून दाखवत आणि शहरातले शिक्षक, पाहुणे ते पाहायला येत. एक मुलगी दर शनिवारी स्वयंपाकाच्या वर्गाला येई, आईला दुसऱ्या दाराने संग्रहालयात पाठवी आणि स्वतः मुद्दाम वेगळ्या दाराने आत जाई, कारण आईच्या डोक्याला रुमाल असे आणि पायात जाडेभरडे बूट. एके दिवशी तिने पाहिलं, की शिक्षण महाविद्यालयातून आलेली मंडळी आईभोवती कौतुकाने उभी आहेत. तिने विचारलं, तेव्हा कळलं की आपल्या आईसारखी चातीवर सूत काढणारी बाई अमेरिकेत दुसरी नसेल. त्यानंतर दोघी एकाच दाराने येऊ लागल्या. मला विचाराल तर हल हाउसची समज या संग्रहालयात सगळ्यात खोल होती. स्वयंपाकघर काढताना शेजाऱ्यांकडे काय नाही ते पाहिलं होतं, इथे त्यांच्याकडे काय आहे ते पाहिलं.

दोषही सांगायलाच हवेत. पैसा श्रीमंत देणगीदारांचा होता, त्यामुळे संपाला पाठिंबा दिला की देणग्या आटत. काळ्या अमेरिकनांच्या बाबतीत तर या चळवळीने फारच तोकडं काम केलं. ॲडम्सबाई १९०९ मध्ये काळ्यांच्या हक्कांसाठी निघालेल्या राष्ट्रीय संघटनेच्या संस्थापकांत होत्या, पण त्यांनीच १९०१ च्या झुंडबळींवरच्या लेखात बळी गेलेले लोक बहुधा गुन्हेगार असावेत असं गृहीत धरलं. आयडा बी. वेल्स या काळ्या पत्रकार बाईंनी त्यांची ही चूक आकडे देऊन दाखवली. बहुतेक सेटलमेंट घरांची दारं काळ्यांना नीट उघडली नाहीत, आणि त्या समाजाने आपली घरं आपणच उभारली. शेजारी म्हणून कोणाला मोजायचं, हा प्रश्न या चळवळीला नीट सोडवता आला नाही.

१९१० च्या सुमारास अमेरिकेत अशी जवळपास ४०० घरं होती. कल्पना मुंबईतही आली. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे शिकागो विद्यापीठात शिकलेले अमेरिकन पाद्री १९२५ साली मराठी मिशनतर्फे भारतात आले आणि भायखळ्याजवळच्या कष्टकरी वस्तीत त्यांनी नागपाडा नेबरहूड हाउस सुरू केलं. कामाला शिकलेली माणसं हवीत हे तिथे जाणवलं, आणि १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून समाजकार्य शिकवणारी भारतातली पहिली संस्था त्याच इमारतीत भरू लागली. मॅन्शार्ट तिचे पहिले संचालक. १९४४ मध्ये तिचं नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालं, १९५४ मध्ये ती देवनारला गेली.

ॲडम्सबाईंनी पहिल्या महायुद्धाला उघड विरोध केला आणि त्यासाठी देशभर शिव्याशाप झेलले. १९३१ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. १९३५ मध्ये त्या गेल्या. साठच्या दशकात महापौर रिचर्ड डेली यांनी विद्यापीठाच्या नव्या आवारासाठी नेमकी हीच वस्ती निवडली. लहानपणी हल हाउसमध्ये वाढलेल्या फ्लॉरेन्स स्काला यांनी शेजारणींना घेऊन महापौरांच्या कार्यालयात ठिय्या दिला, खटला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि १९६३ मध्ये हरल्या. हल हाउसच्या विश्वस्तांनीच जागा सोडायचं मान्य केलं, हे त्यांना सर्वांत जास्त लागलं. १३ इमारतींपैकी हवेली आणि भोजनगृह तेवढं वाचलं. तिथे आता संग्रहालय आहे.

संस्था मात्र चालू राहिली. शहरभर वेगवेगळी केंद्रं निघाली, पाळणाघरं, निराधार मुलांची सोय, घरगुती हिंसाचाराविरुद्ध काम. हे काम गरजेचं होतं आणि हजारो कुटुंबांना त्याचा आधार होता. पण आता तिथे कोणी राहत नव्हतं. कर्मचारी सकाळी येत आणि संध्याकाळी घरी जात, आणि पैसा मुख्यतः सरकारी अनुदानाचा. अनुदान ठरावीक सेवेसाठी, ठरावीक अटींवर मिळतं. गल्लीत काय सडतंय ते पाहून उद्यापासून कचऱ्याच्या गाडीमागे जाण्याची सोय त्यात नसते. अनुदान आटलं तेव्हा हातात राखीव काही उरलं नव्हतं, आणि २७ जानेवारी २०१२ रोजी हल हाउस दिवाळखोरीत बंद झालं. सुमारे ३०० कर्मचाऱ्यांना ते जेमतेम काही दिवस आधी कळलं. न्यूयॉर्कमध्ये लिलियन वॉल्ड या नर्सने १८९३ साली सुरू केलेलं हेन्री स्ट्रीटचं घर मात्र अजून चालू आहे.